पुरात मासे वाहून गेले, जाळे फाटले, तलावाचा बांध फुटला : रायपूर भागातील मत्स्यव्यावसायिकांना कोणती सरकारी मदत मिळते?

भनपुरी, उरला, सिलतरा किंवा खारून नदीकाठच्या गावांत तुम्ही तलाव पट्ट्याने घेऊन मासे वाढवत असाल, नदीत जाळे टाकून घर चालवत असाल किंवा मत्स्यबीज तयार करून विकत असाल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. छत्तीसगढला समुद्र नाही. त्यामुळे "मच्छीमारांना मदत" म्हटले की ती कोकणातल्या बोटवाल्यांसाठी असते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष गोड्या पाण्यातल्या मच्छीमारालाही लागू होतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. आपत्तीची सरकारी मदत तुमच्या नावेला, जाळ्याला, तलावाच्या दुरुस्तीला आणि मत्स्यबीज केंद्राला मिळते. विक्रीला तयार झालेले मासे वाहून गेले, तर त्या माशांची किंमत या मदतीत धरलेली नाही. त्यासाठी विमा हा वेगळा मार्ग आहे आणि तो आपत्तीच्या आधी घ्यावा लागतो. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक अर्जात फक्त "पुरात मासे वाहून गेले" एवढेच लिहितात आणि ज्या गोष्टींचे पैसे मिळू शकले असते, त्यांचा उल्लेख राहून जातो.

थोडक्यात

• नाव, जाळे, तलावाची दुरुस्ती, मत्स्यबीज केंद्र : तहसील कार्यालयामार्फत आपत्ती मदत
• बुडून किंवा वीज पडून मृत्यू : तहसील कार्यालयामार्फत ४ लाख रुपये
• अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व : मत्स्य विभागामार्फत गट अपघात विमा
• तलावातील माशांचे नुकसान : मत्स्यपालन विमा, हप्त्यावर सरकारी प्रोत्साहन रक्कम
• मासेमारी बंदीचा काळ : बचत-सह-मदत योजना
• कारखान्याच्या सांडपाण्याने मासे मेले : प्रदूषणाची तक्रार आणि हरित न्यायाधिकरण

मदतीचा पैसा कुठून येतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक राज्यात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. छत्तीसगढसारख्या राज्यात त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. कोणत्या नुकसानीला किती रक्कम द्यायची, हे केंद्रीय गृह मंत्रालयाचे निकष ठरवतात. छत्तीसगढमध्ये प्रत्यक्ष वाटप "राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४" नुसार होते. तहसिलीत याला सगळे "आर.बी.सी. ६-४" म्हणतात. तुम्हीही हाच शब्द वापरा, म्हणजे तुमचा कागद योग्य टेबलावर जाईल.

केंद्राच्या यादीत १२ आपत्ती आहेत : चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, भूस्खलन, हिमस्खलन, ढगफुटी, कीड-हल्ला आणि थंडीची लाट किंवा दंव. राज्य आपल्या स्थानिक आपत्ती त्यात जोडू शकते. आर.बी.सी. ६-४ मध्ये वीज पडणे, साप चावणे आणि पाण्यात बुडणे यांमुळे झालेल्या मृत्यूलाही मदत आहे.

किती रक्कम मिळते?

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे आहेत :

• नावेचे अंशतः नुकसान (दुरुस्ती) : ६,००० रुपये
• नाव पूर्ण नष्ट : १५,००० रुपये
• जाळ्याचे अंशतः नुकसान : ३,००० रुपये
• जाळे पूर्ण नष्ट : ४,००० रुपये
• मत्स्यबीज केंद्रासाठी निविष्ठा अनुदान : हेक्टरी १०,००० रुपये
• मत्स्यतलावातील गाळ काढणे, तलावाची दुरुस्ती : हेक्टरी १८,००० रुपये (२ हेक्टरपर्यंत धारणा असलेल्यांसाठी, किमान २,२०० रुपये)

यात लाकूड कोरून केलेला डोंगाही येतो. नाव म्हणजे फक्त इंजिनाची बोट, असे नाही. त्याच आपत्तीत त्याच वस्तूसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत मिळाली असेल किंवा मिळणार असेल, तर ही मदत मिळत नाही. अर्ज करण्याआधी सध्या चालू असलेला दर तहसिलीत विचारून घ्या.

माणसाच्या जिवाची हानी झाली तर मृताच्या वारसाला ४ लाख रुपये मिळतात. ४० ते ६० टक्के अपंगत्व आल्यास ७४,००० रुपये, तर ६० टक्क्यांहून जास्त अपंगत्व आल्यास २.५ लाख रुपये. आपत्तीमुळे कमाईच थांबली असेल, तर कुटुंबातील दोन प्रौढांपर्यंत मनरेगाच्या मजुरीच्या दराने निर्वाह मदत देण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी प्रशासनाने तुमचे कुटुंब बाधित म्हणून निश्चित केलेले असले पाहिजे.

एक उदाहरण

समजा, तुमच्याकडे अर्धा हेक्टर जलक्षेत्राचा तलाव आहे. ऑगस्टच्या पुरात बांध फुटला, तलावात गाळ आला, एक जाळे वाहून गेले आणि रोहू-कटल्याचे अंदाजे १ लाख रुपयांचे मासे नाल्यात गेले.

तुम्ही अर्जात फक्त "१ लाखाचे मासे गेले" असे लिहिले, तर तो अर्ज वरच्या यादीतल्या कोणत्याच ओळीत बसत नाही. तोच अर्ज नीट लिहिला तर असा हिशेब होतो : तलावाची दुरुस्ती आणि गाळ यांसाठी हेक्टरी १८,००० या दराने अर्ध्या हेक्टरचे ९,००० रुपये आणि पूर्ण नष्ट झालेल्या जाळ्याचे ४,००० रुपये. एकूण १३,००० रुपये. तलाव मत्स्यबीज संवर्धनाचा असेल, तर हेक्टरी १०,००० या दराने आणखी ५,००० रुपये मागता येतात.

१ लाखाच्या नुकसानीपुढे ही रक्कम थोडी आहे, हे खरे. पण ती मागितली नाही तर तीही मिळत नाही. उरलेल्या नुकसानीचे काय करायचे, हे पुढे विम्याच्या भागात दिले आहे.

माशांचे पैसे का मिळत नाहीत?

हे निकष नुकसान झालेली वस्तू मोजतात, बुडालेली कमाई मोजत नाहीत. अमेरिकेत मासेमारीच्या आपत्तीसाठी वेगळा कायदा आहे. तिथे उत्पन्न किती टक्के घटले हे पाहिले जाते आणि घट ३५ टक्क्यांहून कमी असेल तर मदतीचा विचार होत नाही. आपल्याकडे अशी कायमची पद्धत नाही. कमाई बुडाली तर राज्य सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात "क्यार" आणि "महा" ही चक्रीवादळे आली. ऐन हंगामात मासेमारी बंद राहिली. बोट शाबूत पण हंगाम गेलेला, अशा मच्छीमारांना नेहमीच्या निकषांतून काही मिळत नव्हते. म्हणून राज्य सरकारने २०२० मध्ये ६५ कोटी १७ लाख रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. म्हणजे हंगाम २०१९ चा आणि मदतीचा निर्णय पुढच्या वर्षीचा. असे पॅकेज येईलच, असे गृहीत धरून घरखर्च चालवता येत नाही.

छत्तीसगढने २०२१ मध्ये आणि महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्जासारख्या सवलतींसाठी हा निर्णय महत्त्वाचा आहे. पण त्यामुळे धान किंवा भाजीपाल्याच्या नुकसानीचे दर माशांना आपोआप लागू होत नाहीत.

अर्ज कसा करायचा?

१. आधी फोटो काढा. फुटलेला बांध, गाळ, तुटलेली नाव आणि फाटलेले जाळे यांचे वेगवेगळे फोटो घ्या. एका फोटोत आजूबाजूची ओळखू येणारी खूण, म्हणजे मंदिर, पूल किंवा घाट, येऊ द्या.

२. त्याच दिवशी कळवा. पटवारी आणि मत्स्य निरीक्षक या दोघांनाही सांगा. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तलाव ग्रामपंचायतीचा असेल तर सरपंच-सचिवांना आणि नगर निगमच्या हद्दीत असेल तर झोन कार्यालयालाही लेखी कळवा.

३. पंचनाम्याआधी दुरुस्ती करू नका. पाणी थांबवण्यासाठी बांध तातडीने बुजवावाच लागला, तर आधीचे फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन ठेवा.

४. पंचनामा वाचून मगच सही करा. त्यात प्रत्येक वस्तू वेगळी लिहिली आहे का, "अंशतः" की "पूर्ण" हे बरोबर आहे का आणि तलावाचे क्षेत्र हेक्टरमध्ये आहे का, ते पाहा. "पूर्ण" नष्ट झालेली नाव चुकून "अंशतः" लिहिली गेली, तर १५,००० च्या जागी ६,००० रुपयेच मिळतात.

५. अर्ज तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तारीख आणि शिक्का असलेली तुमची प्रत.

कोणती कागदपत्रे लागतील?

• आधार कार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते (रक्कम थेट खात्यात येते)
• तलावाचा पट्टा किंवा जमिनीचा बी-१, खसरा
• मत्स्य सहकारी समिती किंवा बचत गटाचे सदस्य असाल तर त्याचा दाखला
• नाव किंवा जाळे खरेदीची पावती. ती नसेल तर समितीचे किंवा पंचायतीचे पत्र
• मत्स्यबीज खरेदीच्या पावत्या
• फोटो आणि पंचनाम्याची प्रत
• मृत्यू झाला असल्यास पोलिसांचा मर्ग-अहवाल, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रे

हिंदीत अर्ज लिहिताना हे शब्द सांभाळा

रायपूरच्या तहसिलीत कामकाज हिंदीत चालते. मराठी घरात बोलला जाणारा शब्द अर्जात तसाच उतरला, तर अर्थ बदलू शकतो. तलावाच्या कडेच्या मातीच्या भिंतीला आपण "बांध" म्हणतो, पण हिंदीत "बांध" म्हणजे धरण. "बांध टूट गया" असे लिहिले तर वाचणारा धरणाचा विचार करील. तिथे "तालाब की मेड़" लिहा. गाळाला "गाद", जाळ्याला "जाल" आणि बोटुकलीला "अंगुलिका" म्हणा. रोहू, कटला ही नावे मात्र दोन्हीकडे चालतात.

माशांसाठी विमा : हप्त्याचा काही भाग सरकार देते

प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली. योजना २०२३-२४ ते २०२६-२७ या काळासाठी आहे. तिच्यात तलावातील माशांचा विमा घेणाऱ्याला एकदाच प्रोत्साहन रक्कम मिळते. ती हप्त्याच्या ४० टक्के असते. मर्यादा हेक्टरी २५,००० रुपये आणि ४ हेक्टरपर्यंत एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त १ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला लाभार्थींना सर्वसाधारण गटाच्या रकमेपेक्षा १० टक्के जास्त मिळते.

समजा, अर्ध्या हेक्टरच्या तलावाचा हप्ता २०,००० रुपये आहे. सर्वसाधारण गटाला ८,००० रुपये परत मिळतील, महिलेला ८,८०० रुपये. पिंजऱ्यातील किंवा बायोफ्लॉक टाकीतील मासे असतील तरी योजनेत जागा आहे.

यासाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी करावी लागते. हा मंच ११ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि जवळच्या लोकसेवा केंद्रातूनही करता येते. पॉलिसी घेताना तीन प्रश्न विचारा : पुरात मासे वाहून गेले तर भरपाई आहे का? प्रदूषणाने किंवा रोगाने मेले तर आहे का? नुकसान किती तासांत कळवायचे?

तलावात बीज सोडल्याची तारीख, संख्या आणि दर महिन्याला घेतलेले नमुना वजन एका वहीत लिहून ठेवा. तलावात किती मासे होते, हे नंतर दाखवायला ही वही उपयोगी पडते.

अपघात विमा आणि बंदीच्या काळातील मदत

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या नोंदणीकृत मच्छीमारांचा गट अपघात विमा असतो. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि अपघातानंतर रुग्णालयात दाखल झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हप्ता पूर्ण सरकार भरते. तुम्हाला पैसे द्यायचे नाहीत, पण यादीत नाव असायला हवे. या वर्षीच्या यादीत तुमचे नाव आहे का, हे मत्स्य निरीक्षकांना विचारा. तहसिलीतील ४ लाखांची मदत आणि हा विमा यांची कार्यालये वेगळी आहेत. एकीकडे दिलेला अर्ज दुसरीकडे आपोआप जात नाही.

छत्तीसगढमध्ये नद्या, नाले आणि जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे. नदी-नाल्याशी जोडलेले नसलेले छोटे तलाव या बंदीतून वगळलेले आहेत. या दिवसांत घर चालावे म्हणून बचत-सह-मदत योजना आहे. तुम्ही वर्षातील नऊ महिन्यांत १,५०० रुपये जमा करता, सरकार ३,००० रुपये घालते आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये परत मिळतात. ही योजना गरीब, प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्या १८ ते ६० वर्षांच्या मच्छीमारांसाठी आहे.

कारखान्याच्या पाण्याने मासे मेले तर?

भनपुरी, उरला आणि सिलतरा हा रायपूरचा औद्योगिक पट्टा आहे. इथे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सांडपाण्याने मासे मरणे ही केंद्राच्या यादीतील नैसर्गिक आपत्ती नाही. म्हणून फक्त तहसिलीत अर्ज देऊन भागत नाही. असे करा :

• मासे मेल्याचे दिसताच मत्स्य निरीक्षक आणि छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. पाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच घ्यावा, असा आग्रह धरा. उशीर झाला तर पाणी वाहून जाते आणि पुरावाही जातो.
• ताजे मेलेले काही मासे बर्फात ठेवून तपासणीसाठी विभागाकडे द्या.
• नाल्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे फोटो वेळेसह ठेवा.
• भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. छत्तीसगढ भोपाळच्या खंडपीठाकडे येते. २०१० च्या कायद्यानुसार भरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यात येतात.

पण प्रत्येक वेळी कारण कारखानाच असते, असे नाही. उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर किंवा सलग ढगाळ हवा असताना पाण्यातला प्राणवायू घटतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर हे लक्षण आहे. अशा वेळी खाद्य थांबवा, ताजे पाणी सोडा किंवा पंपाने पाणी खेळवा. अशा मृत्यूलाही आपत्ती मदत नाही. विम्यात तो धरला आहे का, हे पॉलिसीत पाहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझे आधार कार्ड गोंदियाच्या पत्त्याचे आहे. अर्ज कुठे करू?
नुकसान जिथे झाले, त्या जिल्ह्यात. तलाव रायपूर जिल्ह्यात असेल तर अर्ज इथल्याच तहसिलीत द्या. पट्ट्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का, ते मात्र आधी तपासा.

पट्टा समितीच्या नावावर आहे. मी एकट्याने अर्ज करू का?
तलावाच्या दुरुस्तीचा अर्ज समितीने करावा आणि सदस्यांची यादी जोडावी. स्वतःच्या मालकीची नाव आणि जाळे यांचा अर्ज तुम्ही स्वतः करा.

मी बाजारात मासे विकते. पावसात माल सडला तर?
विक्रेत्याच्या मालाला या निकषांत वेगळी ओळ नाही. मात्र प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह सायकल, मोटारसायकल किंवा तीनचाकी घेण्यासाठी महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. पुढचे नुकसान टाळण्यासाठी तिचा उपयोग होईल.

किसान क्रेडिट कार्डचे कर्ज आहे. हप्ता कसा भरू?
२०१८-१९ पासून हे कार्ड मत्स्यव्यावसायिकांनाही मिळते. आपत्तीनंतर हप्ता थकायची वाट पाहू नका. पंचनाम्याची प्रत घेऊन बँकेत जा आणि परतफेडीची मुदत वाढवून कर्जाची पुनर्रचना करण्यासाठी लेखी अर्ज द्या.

अर्ज फेटाळला किंवा काहीच उत्तर आले नाही तर?
कारण लेखी मागा. त्यानंतर अनुविभागीय अधिकारी आणि मग कलेक्टर कार्यालयात दाद मागा. माहिती अधिकारात पंचनामा आणि लाभार्थी यादीची प्रत मागता येते. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

पावसाळ्याआधी करून ठेवायची पाच कामे

१. पट्ट्याची मुदत तपासा. संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज द्या.
२. राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी करा.
३. गट अपघात विम्याच्या यादीत घरातील प्रत्येक मच्छीमाराचे नाव आहे का, ते पाहा.
४. तलाव, नाव आणि जाळी यांचे चांगल्या स्थितीतले फोटो काढून ठेवा. "आधी" आणि "नंतर" दोन्ही दाखवता आले की पंचनाम्यात वाद होत नाही.
५. बीजाच्या पावत्या आणि नोंदवही प्लास्टिकच्या पिशवीत, घरातल्या उंच जागी ठेवा. पूर घरात शिरला तर कागदही भिजतात आणि कागदाशिवाय वरचा कोणताही अर्ज पुढे सरकत नाही.